उलट बाजूचा डोंगर

दलाल बंकापुरे एक फोटो ठेवून गेले,
चहाचा डाग पडलेला, मागे परक्या भाषेत दोन ओळी.
कुठल्याशा हॉटेलच्या भिंतींना चाळीस चादरी हव्या होत्या.
मोर नको, वेलबुट्टी नको,
हा डोंगर हवा.

माझे वडील राजमल्लू गाजुल, साखर पेठेतले नक्षीवाले.
त्यांनी पाहिलेली सगळ्यात उंच गोष्ट मिलची चिमणी.
त्यांनी ग्राफचा कागद पसरला, मला म्हणाले, वाच.

मी आठवीत. हत्तुरे बाईंनी कपाटातून काढून दिलेलं
भूगोलाचं पुस्तक, पुठ्ठ्यावर वाळवीने आधीच नक्षी काढलेली.
मी मराठीत वाचत होते, नायना तेलुगूत ऐकत होते,
पेन्सिल चौकोन भरत होती.

पिरेनीज.
एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत
साडेचारशेच्या आसपास किलोमीटर.
"रेल्वेनं मुंबई," नायना म्हणाले.

स्पेनचा तुकडा सरकत आला, फ्रान्सला भिडला,
मधला समुद्रतळ चुरगळून वर आला,
म्हणून उंचावरच्या दगडांत शिंपले.
त्याच सुमारास, तळटीप सांगत होती,
आपल्याकडे लाव्हा पसरत होता, थरावर थर.
तो उभा राहिला.
आपण आडवे झालो.

मग इतिहास. दोन राजांनी तह केला,
डोंगराअलीकडची इतकी गावं फ्रान्सला.
लिविया म्हणाली, आम्ही गाव नाही, शहर आहोत.
आणि ती अजून फ्रान्सच्या पोटात स्पेनचा ठिपका.
नायना खूप हसले. अक्कलकोटच्या पुढं
अत्तेचं घर एका राज्यात, विहीर दुसऱ्या.

एका खोऱ्यातले लोक दुसऱ्या खोऱ्याला
दरसाल तीन गायी देतात,
कुरणापाण्याच्या जुन्या भांडणापायी,
सहाशे वर्षं झाली.
"मुद्दल फिटली का नाही?"
पुस्तकात नव्हतं.

पुढचं पान मी हळू वाचलं.
एका हिवाळ्यात स्पेनमधली माणसं
गाद्या, शिलाई मशीन, पोरं घेऊन खिंडींतून उत्तरेला आली.
थोड्याच वर्षांत दुसरी माणसं, रात्रीची, दक्षिणेला.
डोंगर तोच, पळणं उलटं.
नायनांची पेन्सिल थांबली होती.
त्यांचे आजोबाही चालत आले होते, तेलंगणातून,
डोक्यावर मागाचा धोटा, फणी, आणि काय काय.
वाटेत डोंगर नव्हता, एवढंच.

ग्राफवर उताराच्या पायऱ्या होतात.
सगळा बर्फ पायऱ्यापायऱ्यांनी खाली येत होता.
मग त्यांनी विचारलं, "अवतल येमुंदि?"
पलीकडं काय आहे?

मी पान उलटलं. फ्रान्सच्या अंगाला पाऊस, गवत, धुकं.
स्पेनच्या अंगाला ढग रिकामे होऊन पोचतात,
माती तांबूस, नद्या उन्हाळ्यात बारीक.
"म्हणजे आपण," ते म्हणाले.
सह्याद्रीच्या पलीकडचे आपण.

सोलापुरी चादरीला उलट बाजू असते, पण ती वाया जात नाही.
इकडं पांढरं ते तिकडं तांबडं.
बंकापुऱ्यांच्या फोटोत एकच बाजू होती.
दुसरी नायनांनी न बघता विणली.

सतरा चादरी गेल्या. उरलेल्या तेवीसांबद्दल
दलाल काही बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.
लग्नाकार्यात वाटल्या, एक शेजारच्या म्हशीच्या अंगावरही दिसली.

माग विकले त्या वर्षी
दोरीत ओवलेली नक्षीची पुठ्ठ्याची पानं
रद्दीवाल्याने किलोवर घेतली.
मी एक मागून घेतलं.
जिथं भोक, तिथंच धागा वर उठतो, नायना सांगायचे,
बाकी पुठ्ठा नुसता आडवा येतो.

मे महिना, पंखा बंद, गच्चीवर चादर अंथरते,
तांबडी बाजू वर.
बर्फ पाठीखाली, फरशीला टेकलेला.
तोही गरमच लागतो.